संवाद सहायक कुठे गेल्या?

एखाद्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली की स्मरणिका निघते. पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, मग पुढाऱ्यांचे शुभसंदेश, मग देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने आणि सगळ्यात शेवटी अहवाल. त्यात एक वाक्य ठरलेलं, ‘अमुक इतक्या महिलांनी लाभ घेतला.’ इथे नांदेडला आमच्या महिला मंडळाच्या कपाटात अशा स्मरणिकांचा गठ्ठा आहे. परवा आवराआवरी करताना सगळ्या चाळल्या. शिलाई यंत्रं दिली, चष्मे दिले, लुगडी दिली. देणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत. घेणारी मात्र फोटोत पाठमोरी, नाहीतर पदर तोंडावर ओढलेली. तिचं नाव कुठेच नाही.

मैत्रिणींनो, समाजसेवी संस्थांचा इतिहास आपण असाच लिहीत आलोय. कुणी दिलं आणि किती दिलं. पण आपल्या शेजारच्या लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत एक संस्था अशी वाढली, की तिचा इतिहास या पद्धतीने लिहायला गेलं तर हाती काहीच लागणार नाही. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ हे तिचं नाव. आज तिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहेत, परदेशातले अभ्यासक तिच्यावर लिहितात. तिची खरी सुरुवात मात्र पडक्या भिंतींपासून झाली, आणि त्या भिंतींजवळ उभ्या होत्या गावातल्या बायका.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि माणसं वाचतात. इथे साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, कारण आपली घरं. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगड सांधायला नुसती माती आणि वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर मातीचा आणखी एक थर. वर्षानुवर्षं चढत गेलेलं ते ओझं झोपेतल्या लेकराबाळांवर आलं. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार म्हणून ज्या घराचं कौतुक, त्याच घराने जीव घेतला.

मग मदत आली, भरभरून आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं केलं. ही कामं मोठीच आहेत, आणि त्यांच्याबद्दल बरंच लिहिलंही गेलंय. कपड्यांचे ट्रकच्या ट्रकही आले. भूकंपात सगळं गमावलेल्या बाईला कुणीतरी वापरून टाकलेला नायलॉनचा गाऊन पाठवण्यामागे काय विचार असेल, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक. असो.

१९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. जी गावं पार झोपली होती, अशी बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. पण ज्या गावांत घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, तिथे काय? तिथे मालकाने सरकारी पैशातून आपलं घर स्वतः दुरुस्त आणि मजबूत करायचं होतं. पैसा हप्त्याहप्त्याने, काम पुढे सरकेल तसा. लातूर-उस्मानाबादची अशी सुमारे तेराशे गावं. आता सांगा, इतक्या गावांत घरोघर जाऊन हे समजावून कोण सांगणार? इंजिनिअर येणार जीपमधून, चावडीवर थांबणार, चार पुरुषांशी बोलणार आणि जाणार.

मुंबईत झोपडपट्टीतल्या बायकांबरोबर ‘स्पार्क’ या संस्थेतून काम केलेल्या प्रेमा गोपालन यांनी इथे एक साधा आग्रह धरला. हे काम गावच्या महिला मंडळाला द्या. महिला मंडळं तेव्हा बऱ्याच गावांत कागदावरच उरली होती. ती जागी केली, आणि त्यांतल्याच बायकांना या कामावर नेमलं. पदाचं नाव ठेवलं ‘संवाद सहायक’.

अशा एका माजी संवाद सहायक बाईंची मागे लातूरला एका कार्यक्रमात भेट झाली. औसा तालुक्यातल्या. साठी कधीच ओलांडलेली, शिक्षण चौथी. त्या जे बोलल्या ते मी जेवणाच्या पंगतीत बसूनच ऐकलं, आणि घरी येऊन जमेल तसं उतरवून काढलं.

“ताई, आधी घरचेच म्हणायचे, तुला काय कळतंय घर बांधायचं. पण शिकवणाऱ्यानं आमाला भिंत दाखवली. बाहेरून एक दगड, आतून एक दगड, मधी नुसता भराव. हलली की दोन्ही बाजूनं पोट फुटल्यावानी फुटती. म्हणून मधी मधी या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड घालायचा. कोपऱ्याला बळकटी द्यायची. दाराच्या वर सगळ्या भिंतींवरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. आन् माळवदावरची माती उतरवून वजन कमी करायचं. येवढंच की! भाकरी थापणारीला येवढं कळत नाही व्हय?”

गावात एक मिस्त्री तो लांब दगड घालायला टाळाटाळ करत होता, कारण त्याला वेळ लागतो. मावशींनी त्याला रचलेला कोपरा पुन्हा उतरवायला लावला. “त्यो म्हणला, बाईनं भिंतीत डोकं घालू नये. मी म्हणलं, भिंतीखाली डोकं आमचंच येतंय बाबा.”

हे त्यांनी हसत सांगितलं, पंगतीत सगळ्या हसल्याही. पण १९९५-९६ साली, डोईवरचा पदर ढळला तरी सासू टोकणार अशा गावात, परजातीच्या, परघरच्या पुरुषाला असं सांगायला काय लागलं असेल, याचा विचार करून पाहा. संवाद सहायक घराघरात जाऊन मदतीचा नियम सांगत. बँकेत खातं उघडायला सोबत जात. कुणाचा हप्ता का अडला ते तालुक्याला जाऊन विचारत. सिमेंटला पाणी मारलं की नाही ते बघत. ग्रामसभेत उठून बोलत. काही जणी तर थापी-ओळंबा हातात घेऊन गवंडीकाम शिकल्या.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीत कळीचा मुद्दा त्या नेमणुकीचा आहे. बाईने गावासाठी राबणं आपल्याकडे नवीन नाही. सप्त्याच्या पोळ्या तीच लाटते, बाळंतिणीजवळ तीच बसते, मयताच्या घरी पिठलं-भाकरी तीच पोचवते. त्याला आपण ‘सेवा’ म्हणतो, आणि सेवा म्हटलं की नाव लिहायची गरज उरत नाही. इथे मात्र पदाला नाव होतं, कामाची हद्द ठरलेली होती, आणि सरकारी कार्यक्रमाच्या कागदात त्या पदाला जागा होती. ‘मी संवाद सहायक आहे’ असं म्हटल्यावर ग्रामसेवकाला खुर्ची पुढे करावी लागत होती. मावशींच्या बोलण्यात ती खुर्ची तीनदा आली!

याची दुसरी बाजूही बघा. जी गावं नव्याने वसली, तिथली घरं अनेक ठिकाणी बाहेरच्यांनी बांधून दिली. शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रेषेतल्या रांगा, रुंद रस्ते. दिसायला छान. पण चूल कुठे मांडायची, ढोरं कुठे बांधायची, न्हाणी कुठे, निवडण-टिपण करत शेजारणीशी बोलायचं कुठे, याचा विचार नव्हता. जुन्या वाड्यांमधली बोळ गेली आणि तिच्याबरोबर शेजारही गेला. पुढे लोकांनी घराला पत्रे जोडले, पडव्या काढल्या, आपापल्या परीने घर ‘घरासारखं’ केलं. आराखडा काढताना एखादी संवाद सहायक तिथे बसली असती, तर तिने चुलीचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता.

दुरुस्तीचा कार्यक्रम संपत आला तेव्हा, १९९८ मध्ये, ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही स्वतंत्र संस्था म्हणून नोंदली गेली. आता या बायकांचं काय करायचं? घरी जा म्हणणं शक्य नव्हतं, आणि त्या जाणारही नव्हत्या. बचत गट झाले, गटांचे संघ झाले, बायकांची माहिती केंद्रं उभी राहिली. (बचत गटांनी पाडलेल्या वाटेनेच पुढे चढ्या व्याजाच्या मायक्रोफायनान्स कंपन्या गावात शिरल्या, हा वेगळाच विषय. त्यावर पुन्हा कधीतरी.)

आणि मग २६ जानेवारी २००१. कच्छ हादरलं. आपल्या लातूरच्या बायका तिकडे गेल्या. भाषा येत नव्हती. पण आम्ही पण याच्यातून गेलोय, घर कसं बांधायचं ते ठेकेदारावर सोडू नका, हे सांगायला गुजराती यावी लागत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर लातूरच्या आणि गुजरातच्या बायका मिळून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचल्या. तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्त बायकांशीही त्यांची देवाणघेवाण झाली. आपत्ती आली की दिल्ली-मुंबईचे तज्ज्ञ खेड्यात येतात, ही आपल्या सवयीची गोष्ट. इथे खेड्यातली चौथी शिकलेली बाई तज्ज्ञ म्हणून बाहेर निघाली होती.

पुढचं थोडक्यात सांगते. २०१२ नंतर दुष्काळाची वर्षं आली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. त्या काळात संस्थेने बायकांना सुचवलं, घरच्या शेतातला निदान एक एकर नवऱ्याकडून-सासऱ्याकडून मागून घ्या आणि त्यात आधी घरात खायचं पिकवा. डाळी, भाज्या, ज्वारी. सोयाबीन आणि उसाच्या नादात जे शेतातून गेलं होतं, ते परत आणा. २०१६ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ संस्थेला मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्तीवर इंग्रजीत चित्रकथा निघाली. २०२२ मध्ये प्रेमाताई गेल्या.

आता माझा मुद्दा. हे सगळं तुम्हाला वाचायचं असेल तर बहुतेक इंग्रजीत वाचावं लागतं. अहवाल, शोधनिबंध, पुरस्कारांची मानपत्रं. त्यांत संवाद सहायक भेटतात त्या आकड्यांत, नाहीतर एखाद्या चौकटीत. तेराशे गावांतल्या त्या बायकांची नावानिशी यादी, कुणी कुठलं घर उतरवून पुन्हा रचायला लावलं याची नोंद, मराठीत, एका जागी मिळावी की नको? त्या वेळी पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बायका आज सत्तरीकडे आहेत. काही गेल्याही. किल्लारीला दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली होते, ती व्हायलाच हवी. पण जे वाचले त्यांची घरं ज्यांनी मजबूत करून घेतली, त्यांच्यासाठी एक वहीसुद्धा नाही.

शिवाय हा नुसता आठवणींचा प्रश्न नाही, नांदेडकरणींनी तरी तो तसा समजू नये. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून आवाज येण्याच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. धक्का बसला की आपण रस्त्यावर येतो, मोबाइलवर फोटो फिरवतो, संध्याकाळी परत त्याच घरात जाऊन झोपतो. आपल्याकडच्या खेड्यांतही दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं अजून आहेत. त्या भिंतीत लांब दगड आहे का, छतावर किती माती आहे, हे बघायला किती घरी कुणी गेलंय?

ज्यांना ते बघता येतं त्या बायका नांदेडपासून एसटीने तीन-चार तासांवर राहतात. प्रशासनाने त्यांना बोलवावं, ग्रामसभेत बसवावं, येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाचं मानधन द्यावं. शाल-श्रीफळ नको. आशाताई, अंगणवाडीताई यांच्याबरोबर त्यांची एक-एक दिवसाची बैठक घडवून आणली तरी गावागावात दोन जाणत्या बायका तयार होतील.

आमच्या मंडळापुरतं आम्ही ठरवलंय. दोनशे पानी वही आणली आहे. लातूर, औसा, निलंगा, उमरगा भागातल्या जितक्या माजी संवाद सहायक सापडतील त्यांच्याकडे जायचं, त्या बोलतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्यायचं आणि वर पूर्ण नाव घालायचं, अर्थात त्यांना विचारून. तुमच्या माहेरच्या गावी, सासरच्या गावी अशी कुणी मावशी, आक्का असेल तर या दिवाळीला गेल्यावर तेवढं विचारून या, भूकंपानंतर गावात घरांच्या कामावर बाई कोण होती? नाव सांगतील. अजून लोकांच्या लक्षात आहे.