ट्रान्स म्हणजे नुसता धिंगाणा नव्हे

जोगेश्वरी पश्चिमेला, बेहरामबागच्या बाजूला एका लहानशा खोलीत माझा भाचा रात्री हेडफोन लावून लॅपटॉपवर ट्रान्स संगीत बनवत बसतो. घरच्यांचं मत ठरलेलं आहे: हा विलायती धिंगाणा, नशेबाजांचं संगीत. परवा आपाने मलाच निवाडा करायला बसवलं. मी भाच्याच्या बाजूने बोललो. का, ते सांगतो.

ट्रान्समध्ये मिनिटाला साधारण १२५ ते १५० ठोके पडतात, तेही एकसारखे. त्यांच्यावर एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा फिरते आणि दर फेरीला किंचित बदलते. मध्येच ठोका थांबतो, फक्त सूर उरतात, ते चढत जातात आणि ठोका परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. कव्वाल एकच मिसरा दहादा घोळवतो, टाळ्या चढत जातात आणि कुणाला तरी 'हाल' येतो, ते आठवा. वारकऱ्यांचा गजरही असाच चढत जातो. त्यांचा हेतू वेगळा, मान्य. पण आवर्तनाने मन एका जागी येतं, ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

यंत्रंही परकी नव्हती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून पुढे 'ॲसिड' नावाचा आवाज काढला, तो त्यांच्या वाटेने. म्हणून शोध आपलाच, असा डांगोरा पिटू नये. पण २०१० मध्ये ती रेकॉर्ड परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा कुठे आपल्याला आपल्याच शहरातला माणूस कळला. याची खंत वाटायला हवी.

गोव्याचा हिस्सा तर उघड आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा गिलसारख्यांनी रात्र रात्र संगीत वाजवलं. उन्हात रेकॉर्ड वाकडी होते म्हणून तिथे टेप वापरत. टेपवर दोन गाण्यांचे ठोके जुळवणं अवघड, म्हणून गाण्याची सुरुवात आणि शेवट लांब, ठोक्याविना ठेवू लागले. गैरसोयीतून शैली घडली. तिकडे जर्मनीत नव्वदीच्या सुरुवातीला ट्रान्सचं अधिक सुरेल रूप आकाराला आलं. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या उद्घाटनात टिएस्टोने खेळाडूंच्या संचलनाला हेच संगीत वाजवलं.

गोव्याच्या पार्ट्यांत नशा होती, हे मी नाकारत नाही. भाच्याला तेही स्पष्ट सांगितलं. पण नशा करणाऱ्याला जाब विचारावा, सुराला कशाला? आणि आवाजाचाच त्रास म्हणाल, तर या पोराच्या हेडफोनमधून शेजाऱ्यालाही काही ऐकू येत नाही. विसर्जन असो की आपला जुलूस, डीजेच्या भिंतींनी खिडक्यांची तावदानं थरथरतात, घरातले आजारी म्हातारे कानावर हात ठेवतात, तेव्हा आपण गप्प असतो. घरातल्या एकट्या पोराला मात्र दटावतो.

आपाला मी एवढंच म्हटलं, "एकदा त्याचं गाणं पूर्ण ऐक, मग बोल." तिने हेडफोन लावले. सात मिनिटांनी काढले आणि विचारलं, "मधे ढोल बंद का केलास रे?"

भाचा तिला समजावून सांगू लागला. मी चहा घेतला आणि निघालो.