हक्क कायद्यात, निकाल संकेतांकात

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात ‘मेडिकल कोडिंग’चे काम करते. अमेरिकेतील डॉक्टरांची टिपणे वाचावयाची, त्यांतील प्रत्येक आजारास व उपचारास ठरलेला संकेतांक लावावयाचा आणि त्यावरून तेथील बिल तयार व्हावयाचे, असे हे काम. परवा भेटावयास आली तेव्हा ती म्हणाली, “सर, संकेतांक पाच मिनिटांत लागतो, पण सरकारी विम्याचा नियम शोधण्यात तास जातो. आणि आमचं मोजमाप होतं ते दिवसाला किती फाइली केल्या यावर.” ही तक्रार केवळ एका नोकरदार मुलीची नाही. कायद्याने दिलेला हक्क नागरिकाच्या हाती पोहोचतो कसा, हा तिच्यामागील प्रश्न आहे.

अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे, उदाहरण घेऊ. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या कायद्यावर स्वाक्षरी केली. पासष्ट वर्षांवरील नागरिकांना आजारपणात आधार देणारी ती मोठी लोकशाही सुधारणा होती. परंतु जे उपचार ‘वाजवी व आवश्यक’ असतील त्यांचाच खर्च मिळेल, अशी अट कायद्यात आहे. या दोन शब्दांचा अर्थ कोणी लावावयाचा? काही उपचारांबाबत केंद्रीय यंत्रणा संपूर्ण देशासाठी निर्णय देते. उरलेल्या बहुसंख्य बाबतींत सरकारने कंत्राटावर नेमलेल्या खाजगी कंपन्या आपापल्या विभागापुरता निर्णय देतात. त्यामुळे एकाच तपासणीचा नियम दोन राज्यांत वेगळा असू शकतो. त्यातच २०१९ पासून संकेतांकांच्या याद्या या स्थानिक निर्णयांतून काढून स्वतंत्र लेखांत घालण्यात आल्या. आजारांचे संकेतांकच सुमारे सत्तर हजार आहेत व दरवर्षी १ ऑक्टोबरला ते बदलतात. यास्तव केंद्रीय निर्णय, स्थानिक निर्णय, त्याचा जोडलेख आणि उपचाराच्या दिवशी लागू असलेली त्यांची आवृत्ती, इतके पाहिल्याविना अचूक संकेतांक लावता येत नाही.

अचूकतेची किंमत कोण मोजतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दुर्बिणीने करावयाची प्रतिबंधक तपासणी मेडिकेअरमध्ये विनामूल्य आहे. धोका अधिक असलेल्यांना ती दोन वर्षांनी व इतरांना दहा वर्षांनी मिळते. परंतु तपासणी चालू असता गाठ आढळली आणि डॉक्टरांनी ती तेथेच काढली, तर संकेतांक उपचाराचा लागतो आणि रुग्णावर खर्चाचा वाटा येतो. हा अन्याय दूर करण्यासाठी २०२० च्या अखेरीस कायदा झाला. त्यानुसार रुग्णाचा वाटा २०२३ ते २०२६ या वर्षांत १५ टक्के, २०२७ ते २०२९ मध्ये १० टक्के आणि २०३० पासून शून्य असा उतरत जातो. मात्र तपासणी मुळात प्रतिबंधक होती हे सांगणारी ‘पीटी’ ही दोन अक्षरे संकेतांकापुढे लागावी लागतात. ती राहिली, तर संसदेने दिलेली सवलत वृद्धाच्या घरी पोहोचत नाही.

नियमच नकोत, असे कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाची लूट करणारे सर्वत्र असतात. सरकारला खोटी बिले देणाऱ्यास तिप्पट नुकसानभरपाई द्यावयास लावणारा तेथील कायदा मुळात १८६३ चा, यादवी युद्धाच्या काळातील आहे. तथापि मेडिकेअरच्या निम्म्याहून अधिक लाभार्थ्यांचा विमा आज खाजगी कंपन्या चालवितात. तेथे रुग्णाच्या नावावर जितके गंभीर आजार नोंदले जातील, तितकी सरकारकडून मिळणारी रक्कम वाढते. म्हणजे पैसे घेताना आजार मोठा दाखविण्याचा मोह, आणि उपचार देताना तो नाकारण्याचा! पूर्वपरवानगीच्या ज्या विनंत्या या कंपन्यांनी नाकारल्या, त्यांपैकी १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांत बसणाऱ्या होत्या, असे सरकारच्याच महानिरीक्षक कार्यालयाला २०२२ साली नमुना तपासणीत आढळले. डॉक्टरांच्या सेवांच्या संकेतांकांची मालकीही अमेरिकन मेडिकल असोसिएशन या त्यांच्याच संघटनेकडे आहे. नियम सार्वजनिक, पण त्याची किल्ली खाजगी, अशी ही व्यवस्था आहे.

आपण यातून काय घ्यावे? आपल्याकडेही सरकार स्वतः दवाखाना चालविण्याऐवजी विम्याच्या वाटेने जात आहे. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत नेले. पण रुग्णाला उपचार मिळतो तो योजनेच्या यादीतील उपचाराचा, यादीबाहेरच्याचा नाही. काही उपचार तर केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खेड्यातून आलेल्या माणसाला खिडकीवर “योजनेत बसत नाही” एवढेच ऐकू येते. आजार बसत नाही, की त्याला दिलेले नाव बसत नाही, हे त्याला कळत नाही.

म्हणून कार्यकर्त्याने मोर्चाची भाषा जाणावी, तशी यादीचीही जाणावी. रुग्णाबरोबर आरोग्यमित्राकडे जावे. कोणत्या उपचाराखाली प्रकरण पाठविले व कोणत्या नियमाने नाकारले, हे लेखी मागावे. सर्व नियम मराठीत एके ठिकाणी मिळावेत आणि प्रत्येक नकाराखाली नियमाचा क्रमांक असावा, ही आपली मागणी असली पाहिजे. आणि नियम शोधणाऱ्या श्रमिकाचे मोजमाप फाइलींच्या संख्येवर न होता अचूकतेवर व्हावे, हीही कामगार चळवळीची मागणी ठरावी. माझ्या विद्यार्थिनीला तो एक तास मिळाला नाही, तर त्याचे बिल सातासमुद्रापलीकडचा कोणी वृद्ध भरतो. उद्या तो वृद्ध आपल्याच गावचा असेल.