ठरायच्या आधी

ग्रामसभेला गावातल्या एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अटच नसते. हा नियम गावोगावी सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे पहिल्या सभेला कुणी फिरकलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. दुसऱ्या सभेला सरपंच, ग्रामसेवक, दोन-चार सदस्य आणि पारावरून उठून आलेले आठ-दहा जण बसतात. घरकुलाच्या याद्या, गायरानाचा ठराव, वित्त आयोगाच्या निधीतली कामं, वर्षाचा गावविकास आराखडा, सगळं त्या तासाभरात मंजूर होतं. मग कित्येक ठिकाणी प्रोसिडिंगची वही सह्यांसाठी घरोघर फिरते.

वाचकहो, या दिवाळी अंकाचा विषय ठरवताना निवडणुका आम्ही जाणूनबुजून बाजूला ठेवल्या. मतदानाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. एक मतदान आणि पुढचं मतदान यांच्या मधल्या पाच वर्षांत साध्या नागरिकाने कुठे बसायचं, काय वाचायचं, कुणाला विचारायचं, याबद्दल फार थोडं बोललं जातं. रस्ता खोदल्यावर आपण चिडतो. झाड पडल्यावर बातमी होते. पण तो रस्ता आणि ते झाड ज्या कागदावर ठरलं, तो कागद सहा महिने आधी कुठल्या तरी कार्यालयात हरकतींसाठी ठेवलेला असतो आणि तिथे जाणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. निर्णय व्हायच्या आधी तिथे हजर असणं, एवढंच या अंकाचं म्हणणं आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या गावाबरोबर महाराष्ट्राला ठाऊक झाली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही. तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत जातो. मेंढ्यावर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. आम्हाला मात्र त्या गावाची खरी ताकद अभ्यासगटात दिसते. निर्णयाची बैठक वेगळी आणि समजून घेण्याची बैठक वेगळी, अशी सोय या गावाने करून ठेवली. अभ्यासगटात काहीच ठरवायचं नसतं. जंगलाचा कायदा काय म्हणतो, बांबूची तोड कशी होते, हिशोब कसा ठेवायचा, हे तिथे समजून घेतलं जातं. बाहेरून माहीतगार बोलावले जातात, त्यांना प्रश्न विचारले जातात. हारजीत नसल्यामुळे सभेत न बोलणारा माणूसही तिथे तोंड उघडतो.

त्याचा उपयोग काय झाला ते पाहा. २००६ साली वनहक्क कायदा आला तेव्हा कित्येक गावांना तो आल्याचंही कळलं नव्हतं. मेंढ्याला आपलं जंगल, त्याच्या सीमा, त्यातले आपले व्यवहार तोंडपाठ होते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये त्याची गणना होते. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याने आपल्याकडेच ठेवला होता. जुना वन कायदा बांबूला झाड मानत होता, नवा कायदा त्याला गौण वनउपज म्हणत होता. या एका फरकापायी हक्काचा कागद हातात असूनही गावाला थांबावं लागलं. गाव मागे हटलं नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभा स्वतःच्या परवान्यावर बांबू विकू लागली.

मेंढा लहान आहे, एकाच समाजाचं आहे, तिथलं इतरत्र जमायचं नाही, असं म्हटलं जातं. सर्वसहमतीपुरतं ते खरंही असेल. पण सभेच्या आधी आठ दिवस दहा माणसांनी एकत्र बसून कागद वाचायला जातपात, लोकसंख्या काहीच आडवं येत नाही.

दारूच्या दुकानांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायांनी हे फार कष्टाने शिकून घेतलं आहे. २००८ च्या नियमांनुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात. दुकान बंद करायचं तर यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मोजणी झालेल्या मतांवर होत नाही, यादीवर होते. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन सासरी गेलेली, वारलेली, प्रत्येक बाई नाव यादीत असेपर्यंत उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. म्हणून जिथे बाया जिंकल्या तिथे त्या आधी मतदारयादी घेऊन बसल्या, एकेक नाव तपासलं, सह्यांची पडताळणी होणार म्हणून आधार कार्डं गोळा केली, मतदानाच्या दिवशी पाहुण्यांकडे गेलेल्यांना परत आणलं. या कामाला आम्ही लोकशाहीतलं सगळ्यांत मोलाचं काम समजतो आणि ते करणाऱ्यांतल्या अनेकींना शाळेची चौथीही पाहायला मिळालेली नाही, याचं आम्हाला मनापासून अप्रूप आहे.

शहरवाल्यांकडे तर ग्रामसभाही नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावाला जे दिलं, ते चौऱ्याहत्तराव्याने शहराला तितकं दिलं नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आणली, पण ती कागदावरून रस्त्यावर उतरली नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकांचा कारभार राहिला. नगरसेवक नसलेल्या त्या काळात क्षेत्रसभा असत्या तर पाणी, कचरा, बसगाड्या यांवर निदान कुठेतरी माणसं समोरासमोर बसली असती. हा मुद्दा कुठल्याही पक्षाने लावून धरला नाही, याची आम्हाला खंत आहे.

तरीही शहरांत वाटा आहेत. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. रक्कम थोडी असते आणि मान्य झालेलं काम खरोखर होईलच याची खात्री नसते, पण अर्ज फुकट असतो. मुंबईचा विकास आराखडा २०१५ मध्ये हरकतींसाठी खुला झाला तेव्हा वस्त्यावस्त्यांत लोक नकाशे पसरून बसले. वसाहतीच्या मधोमध दाखवलेले रस्ते, चुकीच्या जागी पडलेल्या खुणा त्यांनी एकेक करून लिहून काढल्या. हरकती इतक्या आल्या की त्याच एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो आराखडा नव्याने करायला सांगितला. मोर्चे निघाले होते, बातम्याही आल्या होत्या, पण सरकारला उत्तर देणं भाग पडलं ते सर्व्हे क्रमांकासह लिहिलेल्या अर्जांमुळे.

या अंकातले लेख अशाच कामांबद्दल आहेत. काही लेखांत यश नाही, दहा वर्षं अर्ज केल्यावरही न सुटलेली पाण्याची गोष्ट आहे. तीही आम्ही आवर्जून घेतली.

दिवाळीत गाव भरलेलं असतं. पुण्या-मुंबईचे, सुरतेचे, दुबईचे सगळे घरी असतात आणि भाऊबीज झाली की एसटीला, गाडीला लागतात. त्या चार दिवसांत दोन तास काढून यंदाचा गावविकास आराखडा मागून घ्या. कोणतं काम, किती रुपयांचं, झालं की राहिलं, हे एकदा एकत्र वाचा. माघारी जाणाऱ्यांनी राहणाऱ्यांसाठी आकड्यांची बेरीज करून द्यावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला दोन-अडीच महिने असतात, तेवढ्यात प्रश्न लिहून होतात. आणि सभा दिवसा मजुरीच्या वेळेला का ठेवली जाते, तेही विचारा. गावातल्या निम्म्या बायांना त्या वेळी रानातून येता येत नाही.