शीलवती गणिका

महाडच्या बाजारात तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वाट्याने घ्यायच्या. वाट्यात किती जातींची सरमिसळ आहे, हे ना विकणारी सांगते, ना आपण विचारतो. सावित्री नदीच्या खाडीकडून वर पोलादपूरच्या दिशेने सरकावं तशी नावं विरळ होत जातात, आणि शेवटी सगळ्याच शिंपल्या.

वाट्यातली एक उचलून पाठीवरून नख फिरवा. सरळ घसरलं तर ती बहुधा मेरेट्रिक्स. वळ्यांवर अडखळलं तर दुसरी. गुळगुळीत बाईची कथा रंगतदार आहे. 1791 साली निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने हिचं नाव ‘व्हीनस कास्टा’ ठेवलं, म्हणजे शीलवती व्हीनस. 1799 साली लामार्कने मेरेट्रिक्स ही वेगळी प्रजाती काढली, आणि पुढे ही तिच्यात गेली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गणिका. बिऱ्हाड बदललं तरी जातीचं नाव सोबत न्यायचं, हा शास्त्राचा नियम. त्यामुळे बिचारी झाली मेरेट्रिक्स कास्टा, शीलवती गणिका! थट्टा कुणी केली नाही, फक्त नियम पाळला. हिची थोरली बहीण तर मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स, म्हणजे दोन्हीकडून गणिकाच. प्राणिशास्त्राला असली द्विरुक्ती चालते, वनस्पतिशास्त्राला चालत नाही.

वळ्यांची ती कित्येक वर्षं पाफिया मलबारिका होती. केरळच्या अष्टमुडी खाडीतल्या तिच्या मासेमारीला 2014 साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, तेही याच नावाने. आता तिला प्रोटापेस गॅलस म्हणायचं, कारण आधी छापलेल्या नावाचा हक्क मोठा. गॅलस म्हणजे कोंबडा. मलबार गेलं, कोंबडा आला. तिसरी आहे तिथेच चिखलात आहे.

तेव्हा बाजारातलं नाव ढोबळ आणि लॅटिन नाव पक्कं, हे अर्धंच खरं. लॅटिन नावाचं खरं बळ वेगळंच आहे: नावावर वाद झाला तर कुठल्यातरी संग्रहालयातला शिंपला उघडून आतल्या बिजागरीचे दात पाहता येतात. आपल्या ‘तिसरी’मागे असा एकही शिंपला ठेवलेला नसतो. खाडीचं पाणी बिघडल्याची ओरड होते, तेव्हा आधी इथे नेमकं काय मिळायचं हे दाखवायला हातात काही नसतं.

सुकं झाल्यावर शिंपा उकिरड्यावर जातात. त्यातल्या दोन जोड्या धुवाव्यात, चिठ्ठीवर गाव, तारीख आणि विकणारीने सांगितलेलं नाव लिहावं, आणि जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या कपाटात नेऊन द्याव्यात. लॅटिन नाव मागाहून कुणीही लिहील, हवं तर पेन्सिलीने.