रिकाम्या आठवड्यातल्या गप्पा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. सकाळी दहाचा सुमार. मी दिवाणावर वर्तमानपत्र पसरून बसलो होतो आणि आतल्या खोलीतून एकामागून एक हसण्याचे फवारे येत होते. आत आमची लेक होती. एका परदेशी विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळणाऱ्या चमूत ती काम करते. क्लायंट नाताळच्या सुटीवर, पण हिची ड्यूटी चालू. तिच्यासारखीच आणखी पाचसहा पोरं आपापल्या घरी संगणकापुढे बसलेली. कुणी नागपूरला, कुणी बंगळुरूला, कुणी पिंपरीत.

"काम नाही का गं आज?" मी विचारलं.

"चेंज फ्रीझ आहे बाबा. दोन जानेवारीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. फक्त लक्ष ठेवायचं."

"म्हणजे सोवळ्यात ठेवलंय म्हण ना," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. यापेक्षा सोपी व्याख्या संगणकाच्या पुस्तकातही सापडणार नाही.

आमच्या बँकेतल्या उमेदवारीच्या काळी हा आठवडा नेमका उलटा असायचा. त्या वेळी बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपे. १९८९ पासून ते ३१ मार्चला संपू लागलं. जग नव्या वर्षाच्या तयारीत आणि आम्ही लेजरांच्या ढिगाऱ्यात. बेरीज जुळायची नाही. रात्री अकराला कुणीतरी ज्येष्ठ हेडकॅशियर चहाचा कप खाली ठेवून म्हणायचा, "फरक नवानं भागला जातोय का बघा रे." भागला गेला, की समजायचं, कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली आहे, ५४ च्या जागी ४५ लिहिलेत. हे आम्हाला कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं नाही. ते थट्टेथट्टेतच कानावर पडलं. "काय रे, नवरदेव, आज नवाचा फरक काढलास का?" असं ज्याला चिडवलं जाई, तो पुन्हा आकडे उलटे लिहीत नसे.

म्हणूनच लेकीच्या खोलीतलं हसणं ऐकून मला 'फुकटचा पगार' असं वाटलं नाही. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहिलो.

त्यांचा त्या दिवशीचा विषय होता 'नल'. पाण्याचा नव्हे. डेटाबेसच्या तक्त्यात एखादा रकाना रिकामा असला, की त्या रिकामेपणाला 'नल' म्हणतात. ते शून्य नव्हे. शून्य म्हणजे खात्यात पैसे नाहीत हे ठाऊक आहे. नल म्हणजे किती आहेत तेच ठाऊक नाही. आणि गंमत अशी, की दोन नल एकमेकांबरोबर आहेत का, असं यंत्राला विचारलं, तर ते 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. ते म्हणतं, 'माहीत नाही'. बरोबरच आहे. मला तुमचं वय ठाऊक नाही आणि शेजाऱ्यांचंही नाही, म्हणून तुम्ही दोघे एकाच वयाचे ठरत नाही.

नागपूरच्या पोरानं किस्सा सांगितला. कॅलिफोर्नियातल्या एका संगणकतज्ज्ञानं हौसेनं आपल्या गाडीचा नंबर म्हणून 'नल' ही अक्षरं घेतली. कल्पना अशी, की यंत्रं गोंधळतील आणि दंडाची पावती येणार नाही. झालं भलतंच. ज्या पावत्यांवर गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता, त्या सगळ्या याच्या नावावर येऊन पडल्या. रक्कम बारा हजार डॉलरच्या वर गेली. २०१९ साली ही गोष्ट जगभर गाजली.

मग दुसऱ्यानं ३१ डिसेंबर २००८ ची आठवण काढली. मायक्रोसॉफ्टचं 'झून' नावाचं गाणी वाजवायचं यंत्र होतं. त्याच्या एका मॉडेलची सगळी यंत्रं त्या दिवशी एकदम ठप्प झाली. कारण काय, तर २००८ हे लीप वर्ष आणि त्याचा ३६६ वा दिवस उजाडल्यावर काय करायचं, हे लिहिणाऱ्यानं नीट लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवं वर्ष लागलं आणि ती पुन्हा चालू होऊ शकली. तिसऱ्यानं ३१ जानेवारी २०१७ ची कथा लावली. 'गिटलॅब' या कंपनीतल्या अभियंत्याच्या हातून चुकून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपच्या पाच वाटा होत्या. ऐन वेळी एकही धड कामी येईना. जवळजवळ सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. पण त्या लोकांनी लपवाछपवी केली नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं.

"आपला बॅकअप परत उतरवून कुणी बघितलाय का रे शेवटचा?" कुणीतरी हसत विचारलं. हसणं थांबलं. दोघांनी वह्यांत काहीतरी टिपून घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कामाच्या धबडग्यात माणूस समोरची फाइल बघतो. रिकाम्या वेळी तो आपल्या कामाकडे बघतो. साहेबलोकांना रिकामा माणूस बघवत नाही. लगेच त्याला एखादं प्रशिक्षण, एखादा अहवाल चिकटवतात. मीही साहेब होतो, मीही चिकटवले आहेत. ते अहवाल कुणी वाचले नाहीत. शाखा चालली ती चहाच्या टपरीवर कानावर पडलेल्या शहाणपणावर.

पण या हसण्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला स्वतःला जड गेलेली आहे.

१९८२ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत नवाच रुजू झालो होतो. दर महिन्याच्या दहा तारखेला एक म्हातारी पासबुक भरून घ्यायला यायची. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. तो तिथल्या शाखेतून मेल ट्रान्सफरनं पैसे पाठवी. आजी पासबुक घेऊन खिडकीशी उभी राही आणि भरलेल्या ओळीवर बोट ठेवून दोनदा खात्री करून घेई. आम्ही तिचं नाव 'ऑडिटर' ठेवलं होतं. "आले रे ऑडिटर," अशी हाळी उठायची. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नोंदी थांबल्या. आजी थांबली नाही. दर दहा तारखेला कोरं पासबुक पुढे करी आणि कोरंच परत घेई. "आजी, शिल्लक तेवढीच आहे, पाणी पिऊन जा," असं कुणीतरी म्हणे आणि आम्ही हसायचो. मीसुद्धा.

एकदा मी काउंटरवर होतो. तेच वाक्य मी म्हणालो. आजी म्हणाली, "पैशाचं न्हाय रं बाबा. त्यानं धाडलंय का त्येवढं बघ. धाडलं म्हंजी त्यो बरा हाय."

आम्ही त्या कोऱ्या ओळीला शून्य समजत होतो. तिच्या लेखी ते शून्य नव्हतं. 'माहीत नाही' होतं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तोवर नोंद आलेली नव्हती.

ही आजी मला त्या दिवशी पुन्हा आठवली त्याला कारण घडलं. गप्पांच्या ओघात पिंपरीच्या पोरानं पडद्यावर एक यादी आणली. नावं नव्हती, नुसत्या जन्मतारखा आणि त्यांपुढे माणसांची संख्या. बाकीच्या तारखांपुढचे आकडे साधारण एकसारखे आणि १ जानेवारीपुढचा आकडा ताडासारखा उंच. मग थट्टेला ऊत आला. "यांना केक पुरवायचं कंत्राट आपण घेऊ." "रात्री बाराला नर्सांचे काय हाल झाले असतील!" त्यात एकजण म्हणाला, "सगळ्या खोट्या तारखा आहेत. जानेवारीत साफसफाई करू, तेव्हा या सगळ्यांना 'चूक' असा शिक्का मारू. कागद आणून देईपर्यंत दावे अडकतील, अडकू देत."

मला राहवलं नाही. म्हणालो, "अरे बाबांनो, आमच्याकडे निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असतो."

क्षणभर शांतता. मग मी सांगितलं. पूर्वी शाळेत पोराला घालायला बाप यायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली, पेरण्यांच्या वेळी. गुरुजी वयाचा अंदाज घेऊन हजेरीपटावर १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये सुरू होत, म्हणून ती तारीख सोयीची. म्हणून तर महाराष्ट्रात ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते. आमच्या बँकेत पेन्शनरांच्या खात्यांत मी ही तारीख इतकी पाहिली, की पुढे पुढे बघायचंही सोडून दिलं. ती तारीख खोटी होती का? खरी नव्हती. पण तिच्यात लबाडी नव्हती. रिकामी जागा ठेवली असती तर पोरगं शाळेच्या बाहेर राहिलं असतं, म्हणून एका मास्तरानं ती भरली होती.

"काका, माझ्या आजोबांचा वाढदिवसही १ जूनलाच असतो," नागपूरचा पोरगा हळूच म्हणाला.

लेकीनं तेवढ्यात शोधून काढलं. अमेरिकेत निर्वासित म्हणून आलेल्या अनेकांच्या कागदांवर अशीच १ जानेवारी ही तारीख पडलेली असते. युद्धातून, दुष्काळातून निघालेल्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठला असणार? कारकुनानं रकाना भरला. देश वेगळा, महिना वेगळा, मास्तर तोच.

ज्या शास्त्रावर हे सगळं उभं आहे, त्याचा पाया आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात घातला. निबंधाच्या नावातच माहितीच्या साठ्यांना 'डेटा बँक' म्हटलं आहे, म्हणून मला तो माणूस उगाच आपल्या खात्यातला वाटतो. पुढे कॉड यांनी रिकाम्या जागेचेही दोन प्रकार मानले. एक, उत्तर आहे पण ठाऊक नाही. दुसरा, हा प्रश्नच इथे लागू नाही. त्यांचेच सहकारी क्रिस डेट यांना नल ही कल्पनाच मुळात पसंत नव्हती. मोठमोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं वाद घालावा एवढी ती रिकामी जागा महत्त्वाची. पण भरलेल्या जागेआड लपलेला रिकामेपणा ओळखायला यंत्र कामाचं नाही. तिथे मास्तर आठवावा लागतो.

पोरांनी क्लायंटसाठी चिठ्ठी लिहिली. या तारखा 'चूक' न म्हणता 'अंदाजे' म्हणाव्यात, त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि दावा अडवण्यापूर्वी माणसाला आधी विचारावं. जानेवारीतली साफसफाई तेवढ्यापुरती थांबली. ऐन कामाच्या आठवड्यात ही यादी पुढे आली असती, तर दुपारपर्यंत शिक्के मारून मोकळी झाली असती. कुणी थट्टा केली नसती आणि कुणी थांबलंही नसतं.

तेव्हा हसा, जरूर हसा. आकड्यांना हसा, यंत्रांना हसा, स्वतःच्या चुकांना तर पोटभर हसा. फक्त रकान्यापलीकडे खिडकीशी कुणीतरी पासबुक घेऊन उभं आहे, एवढं ध्यानात असू द्या. आमच्या शाखेत आम्हाला ते ध्यानात यायला एका म्हातारीला तोंड उघडावं लागलं.

संध्याकाळी लेक दिवसाचा हिशेब भरत होती. किती तास कोणत्या कामाला गेले, ते तिला रोज रकान्यात लिहावं लागतं. मी विचारलं, "आजच्या गप्पांचं काय लिहिणार?"

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला रकानाच नाही, बाबा."