तिथी पाहून समुद्राकडे

दिवाळीच्या सुट्टीत अनेक कुटुंबे कोकणात जातात आणि गर्दी पाहून हिरमुसतात. निवांत किनारा नकाशात शोधावा असे आपणांस वाटते. माझा अनुभव असा, की तो पंचांगात शोधावा.

किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. भाऊबीजेची द्वितीया घ्या : दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाणी दूरवर ओसरते. अशा सकाळी वाळूच्या पुळणीऐवजी कातळाचा किनारा गाठावा. गुहागर तालुक्यात हेदवी येथे बामणघळीजवळ असा कातळ आहे. भरतीला घळीत उसळणारे पाणी पाहण्यास लोक येतात. ओहोटीला सहसा शांतता असते.

ओसरलेले पाणी कातळाच्या खळग्यांत साचून राहते. प्रथमदर्शनी ते रिकामे दिसते. पाच मिनिटे स्तब्ध बसावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. मग खळगा जागा होतो. समुद्रफूल आपले पाकळ्यांसारखे बाहू पसरते. ते फूल नव्हे, प्राणी आहे. बोटभर मासे कपारीतून बाहेर येतात. एखादा शंख चालू लागतो.

या चालत्या शंखाने मला एक धडा दिला. काही वर्षांपूर्वी नातवाने तेथून मूठभर शंख पिशवीत भरले. सारे रिकामेच, असे मीच त्याला सांगितले होते. घरी आल्यावर एका शंखातून मेलेला खेकडा निघाला. नातवाने एवढेच विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही नीट पाहिलं नव्हतं का?’’ पाण्याचा थेंबही गाळून पिण्याचा संस्कार असलेल्या घरात या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे वाचनातून कळले, की या खेकड्याचे पोट मऊ असते. ते जपण्यासाठी तो मेलेल्या गोगलगाईचा शंख धारण करतो. अंग वाढले, की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. व्यापार वाढल्यावर आपण मोठा गाळा पाहतो, तसेच हे. तेव्हा रिकामा शंख उचलणे म्हणजे कोणाचे तरी उद्याचे घर नेणे होय.

आता आमच्या घरी नियम आहे : येताना हात रिकामे. पाऊल पाहून टाकावे. शेवाळावर वा कालवांवर न देता उघड्या कातळावर द्यावे. ईर्यासमितीचा अर्थ मुलांना तेथे न सांगता उमगतो, आणि पाय घसरण्याचे भयही टळते. दगड उलटू नयेत. खळग्यातला जीव बाहेर काढू नये.

पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे. निघण्यापूर्वी भरतीच्या तक्त्यावरून किंवा स्थानिक कोळी बांधवांकडून खात्री करावी. पावसाळ्यात कातळावर जाऊच नये. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी फिरताच परतावे, कारण मागची वाट आधी बुडते.

गेल्या वर्षी त्याच नातवाने धाकट्या बहिणीला शंखाकडे हात नेताना थांबवले. म्हणाला, ‘‘थांब, आधी बघू. आत कोणी राहत असेल.’’