बाजाराने काम दिले, मग घर कोणी दिले?



"सरकारने बाजूला व्हावे, बाजार सगळे बघून घेईल," हे 1991 च्या उदारीकरणापासून आपल्याला ऐकवले जाते. बाजाराने सोलापुरात काय बघितले, त्याचा हिशेब मांडू.

जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. एकेक भोंगा बंद झाला. काही गिरण्या 1991 च्या आधीच आजारी होत्या, हे खरे. पण तेव्हा नरसिंग गिरजी चालवायला राज्याचे वस्त्रोद्योग महामंडळ पुढे आले होते. नंतर सरकारनेच हात झटकले. गिरणीत हजेरी होती, फंड होता. यंत्रमागावर उरला तो पीस रेट. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ती विणणाऱ्याला हजेरी कार्डासाठीही भांडावे लागते.

बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार बिड्यांवर. जागा तिची, दिवा तिचा, पाठदुखी तिची; छाटात गेलेल्या, म्हणजे नाकारलेल्या, बिड्यांचा तोटाही तिचाच. 1976 च्या कायद्याने बिडीवर कल्याण उपकर बसवला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. 2017 ला जीएसटी आला आणि उपकर रद्द झाला. बिडीवरचा कर राहिला, कामगाराच्या नावाचा पैसा गेला.

आता सोलापूरजवळच्या कुंभारीला या. तिथे बिडी कामगार महिलांची 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. 2006 मध्ये ती घरे ज्यांच्या हस्ते दिली गेली, त्या मनमोहन सिंगांनीच 1991 चा अर्थसंकल्प मांडला होता! तिथेच असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर. त्यातली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. एवढी वर्षे ही घरे कोणा बिल्डरने का बांधली नाहीत? कारण बाजार गरज मोजत नाही, खिसा मोजतो. ही घरे उभी राहिली ती केंद्र-राज्याच्या पैशातून, कामगारांच्या वाट्यातून, त्यांच्या सहकारी संस्थांतून आणि लाल बावट्याच्या मोर्चांतून. बाजाराला पर्याय नाही म्हणणाऱ्यांनी हा पत्ता लिहून घ्यावा.

जे घराला जमले, ते मजुरीला का जमू नये? म्हणून आमच्या मागण्या :

1. हजारी मजुरी आणि पीस रेट महागाईशी जोडा. किमान वेतन बुडवणाऱ्यांवर खटले भरा.
2. बिडी कामगारांचा स्वतंत्र कल्याण निधी पुन्हा सुरू करा.
3. सरकारी दवाखाने आणि वसतिगृहांच्या चादरी-टॉवेल सोलापूरच्या मागांवरून घ्या. अट एकच : विणणाऱ्याला हजेरी आणि फंड.
4. कुंभारीच्या वसाहतींना पुरेशा सिटी बस आणि सुसज्ज सरकारी दवाखाना द्या.

हे पत्रक वाचा, शेजारणीला वाचून दाखवा, कारखान्याच्या दारात यावर बोला.

घर मिळवले लढून, दामही घेऊ लढून!